ट्रीटमेंट केलेलं दार तरी का फुगलं?

पावसाने जोर धरला की वाचकांचे प्रश्न येऊ लागतात आणि त्यांचा मजकूर जवळपास ठरलेला असतो. ‘वखारीतून केमिकल ट्रीटमेंट केलेलं लाकूड घेतलं, त्याचे वेगळे पैसे मोजले, तरी दार चौकटीत अडकतंय. आम्हाला फसवलं का?’ अलीकडे दुसरा एक प्रश्न वाढला आहे: ‘आर्किटेक्ट म्हणतात, परदेशी प्रक्रिया केलेलं, न फुगणारं लाकूड घ्या. महाग आहे. त्याला वाळवी तरी लागणार नाही ना?’

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच द्यावं लागतं. तुम्ही किडीवरचं औषध विकत घेतलेलं असतं आणि अपेक्षा पाण्यावरच्या इलाजाची असते. दुसऱ्याचं उत्तर प्रक्रिया कोणती यावर अवलंबून आहे, आणि तिथे मात्र खरंच फसगत होऊ शकते. लाकूड फुगणं आणि लाकूड खाल्लं जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हींवर एकच इलाज चालतो असं कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

बिलावर ‘ट्रीटमेंट’ लिहिलंय, पण नेमकं काय केलंय?

बाजारात या एका नावाखाली चार कामं खपतात:

- सीझनिंग: भट्टीत किंवा सावलीत लाकूड वाळवणं. गरजेचंच आहे, पण यात कुठलंही रसायन नाही. वाळवलेलं लाकूड पावसाळी हवेतून पुन्हा ओल घेतं.
- औषध भरणं: बोरॅक्स-बोरिक ॲसिड किंवा तांब्याचे क्षार लाकडात मुरवणं. वाळवी, भुंगा आणि कुजवणारी बुरशी यांना रोखतं. फुगणं थांबवत नाही.
- घडण बदलणं: लाकडाच्या पेशींच्या भिंतींमध्येच रासायनिक बदल करणं. फुगणं खरोखर कमी करणारा प्रकार हाच.
- वरचा लेप: पॉलिश, पीयू, ऑइल पेंट, ब्रशने लावलेलं वाळवीचं औषध. याने ओल उशिरा शिरते, इतकंच. ब्रशचं औषध एखाद-दोन मिलिमीटरच्या पलीकडे क्वचितच जातं.

विक्रेत्याला सरळ विचारा: या चारपैकी काय? ‘सगळं केलेलं आहे’ असं उत्तर आलं तर सहसा फक्त सीझनिंग आणि वरून ब्रश झालेला असतो.

आधी मिलिमीटरचा हिशेब

दार अडकायला किती फुगावं लागतं हे एकदा पाहा. समजा, सागवानाच्या पॅनेल दाराच्या दोन्ही उभ्या पट्ट्या १०० मिलिमीटर रुंद आहेत. उन्हाळ्यात लाकडातला ओलावा १० टक्के होता, भर पावसात तो १६ टक्क्यांवर गेला. साधी आडवी चिरलेली फळी असेल तर सागवान ओलाव्याच्या दर टक्क्यामागे रुंदीच्या सुमारे ०.१९ टक्के वाढतो. म्हणजे एका पट्टीमागे १.१ मिलिमीटर, दोन्ही मिळून सव्वादोनच्या आसपास. सुताराने फट ठेवली होती दोन मिलिमीटर. दार अडकलं. आणि सागवान तर फुगण्याच्या बाबतीत गुणी समजला जातो; पाइन किंवा निलगिरी त्याहून जास्त हलतात.

फळीचं टोक पाहून यातला निम्मा त्रास फुकटात टाळता येतो. टोकाशी वलयांच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या दिसत असतील, तर तीच फळी रुंदीत साधारण निम्मीच फुगते. त्या पसरट कमानींसारख्या आडव्या दिसत असतील तर पूर्ण फुगते आणि वाकतेही. चांगला सुतार दाराच्या उभ्या पट्ट्यांसाठी पहिल्या प्रकारची फळी आपणहून वेगळी काढतो. तुमचा काढत नसेल तर तुम्ही सांगा.

किडीवरचं औषध: कुठलं, कशासाठी

बोरॉन म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं मिश्रण. माणसाला तुलनेने कमी घातक, रंग-वास नाही, आणि भुंगा-वाळवी दोन्हींवर चालतं. रबरवुड, आंबा, बांबू यांना हेच दिलं जातं. मोठा दोष एकच: ते लाकडाला पक्कं चिकटत नाही आणि पावसाच्या पाण्याबरोबर धुपून जातं. घरातलं कपाट, पलंग, आतली चौकट यांना उत्तम. गच्चीवरच्या पर्गोल्याला कुणी ‘बोरॉन ट्रीटेड’ म्हणून लाकूड देत असेल तर नको म्हणा.

सीसीए म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. लाकूड हिरवट दिसतं. हे मिश्रण आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ साली शोधलं आणि तिथून जगभर गेलं. विजेचे खांब, कुंपणं, कूलिंग टॉवर यांत ते दशकानुदशकं टिकतं, कारण क्रोमियममुळे औषध लाकडात घट्ट बसतं. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठीचं उत्पादन उद्योगाने थांबवलं. आपल्याकडे ते अजून वापरात आहे. जमिनीत पुरायच्या खांबांना घ्या. मुलांची खेळणी, स्वयंपाकघराचा ओटा, हात सतत लागेल असा कठडा यांना घेऊ नका. आर्सेनिक नसलेली तांब्याची औषधंही मिळतात. मागून घ्यावी लागतात, पण घराजवळच्या वापरासाठी मागाच.

औषध दाबाखाली मुरवण्यासाठी लोखंडी टाकी लागते: आधी निर्वात करून लाकडातली हवा ओढायची, मग दाबाने द्रावण आत ढकलायचं. इथे एक गंमत आहे. सागवानाच्या गडद गाभ्यात द्रावण जवळपास शिरतच नाही, दाब देऊनसुद्धा. सालीकडच्या फिकट भागात मात्र सहज शिरतं, आणि किडीला बळी पडतो तोही नेमका हाच भाग. म्हणून पूर्ण गाभ्याच्या सागवानाला ‘प्रेशर ट्रीटमेंट’चे पैसे देणं वाया आहे. लागवडीतल्या कमी वयाच्या सागवानात फिकट भाग मोठा असतो. ‘सागवानच आहे, वाळवी लागत नाही’ हे त्या भागाला लागू नाही. तिथे औषध हवंच.

औषध आत गेलंय का, हे पाहायचं कसं?

टोकावरून काही कळत नाही. टोकाकडून औषध सगळ्यात जास्त शिरतं, त्यामुळे टोक नेहमीच चांगलं दिसतं. मागवलेल्या मालातला एक नमुना मधोमध कापायला लावा आणि त्या ताज्या कापावर चाचणी करा.

बोरॉनसाठीची चाचणी आपल्याला शोभेल अशी आहे: हळद. अल्कोहोलमध्ये काढलेला हळदीचा अर्क कापलेल्या भागावर फवारतात, तो वाळला की हायड्रोक्लोरिक आणि सॅलिसिलिक ॲसिड मिसळलेलं अल्कोहोल फवारतात. काही मिनिटांत जिथे पुरेसं बोरॉन आहे तिथे लाल रंग उमटतो, जिथे नाही तिथे हळद पिवळीच राहते. कडेला बोटभर लाल चौकट आणि मध्ये पिवळा ठिपका दिसला, तर औषध किती खोल गेलं याचा नकाशाच समोर येतो. तांब्यासाठी क्रोम ॲझ्युरॉल नावाचं द्रावण वापरतात, त्याने निळा रंग येतो. यातलं ॲसिड तीव्र असतं, घरी प्रयोग करू नका. प्रक्रिया कारखान्याला तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवायला सांगा. मोठी खरेदी असेल तर बेंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था यांच्याकडे नमुना पाठवून अहवाल घ्या.

किती खोल हे रंगाने कळतं, किती प्रमाणात हे नाही. त्यासाठी एका घनमीटर लाकडात किती किलो औषध उरलं हा आकडा लागतो. लाकूड कुठे वापरायचं त्यानुसार हे प्रमाण आयएस ४०१ या भारतीय मानकात दिलं आहे. कारखान्याच्या प्रमाणपत्रावर हा आकडा नसेल तर त्या कागदाला फारशी किंमत नाही.

घडण बदललेलं लाकूड: नावं तीन, स्वभाव तीन

लाकडाच्या पेशीभिंतींत हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाणी येऊन बसतं ते त्यांच्यापाशी. पंगतीत मांडलेल्या पाटांवर आधीच दुसरी मंडळी बसवली की उशिरा आलेल्या पाहुण्याला जागा उरत नाही, तसं काम इथे रसायनाकडून करून घेतात. सिद्धांत एवढा पुरे. पुढचं महत्त्वाचं.

ॲसिटिलेशन. व्हिनेगरच्या जवळच्या नात्यातलं ॲसिटिक ॲनहायड्राइड लाकडात मुरवून तापवतात. लाकडाचं वजन सुमारे २० टक्के वाढतं आणि फुगणं जवळपास तीन चतुर्थांशाने घटतं. वरच्या हिशेबात सव्वादोन मिलिमीटरच्या जागी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची चाल, म्हणजे दार अडकत नाही. लाकडात विष नसतं. तरी बुरशी ते कुजवू शकत नाही, कारण तिला लागणारी ओल पेशीभिंतीत टिकत नाही. वाळवी कुठे कुठे कुरतडून पाहते, पण त्यावर पोसली जात नाही. नेदरलँड्समधल्या आर्नहेममध्ये २००७ पासून रेडिएटा पाइनवर ही प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होते. ‘ॲकोया’ हे त्याचं व्यापारी नाव. त्याच देशात स्नेकजवळ अवजड वाहनं पेलणारा पूलही या लाकडाचा बांधला गेला. आपल्याकडे आयात करावं लागतं, आणि किंमत ऐकून बऱ्याच जणांना सागवान स्वस्त वाटू लागतो.

फर्फ्युरिलेशन. उसाचा चोथा किंवा मक्याची कणसं अशा शेतमालापासून मिळणारं फर्फ्युरिल अल्कोहोल लाकडात भरून तापवतात. आत त्याचं राळेसारखं कठीण द्रव्य होतं. लाकूड गडद तपकिरी, जड आणि कडक होतं. नॉर्वेचं ‘कबोनी’ याच प्रकारातलं. डेक, पायऱ्या, बाहेरचे बाक यांना चांगलं. फुगणं बरंच कमी होतं, पण ॲसिटिलेशनइतकं नाही.

उष्णतेची प्रक्रिया. ‘थर्मोवुड’. यात रसायन भरत नाहीत, पण वाफेत १९० ते २१२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून लाकडाची रासायनिक घडण बदलतात. तिघांत स्वस्त, रंग देखणा, फुगणं कमी. आणि आपल्या वाचकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ही पद्धत फिनलंडमध्ये वाढली, आणि फिनलंडमध्ये वाळवी नाही. बुरशीपासून लाकूड वाचवायचं एवढंच तिथे ध्येय होतं. वाळवी हे लाकूड आवडीने खाते. शिवाय ते ठिसूळ होतं, स्क्रू मारताना चिरतं, आणि जमिनीशी संपर्क असेल तिथे चालत नाही. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या बाहेरच्या आच्छादनाला जरूर वापरा, पण इमारतीखाली वाळवीचं काम नीट झालेलं असेल तरच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बैठ्या घराला मी तरी सुचवणार नाही.

तिन्ही प्रकारांबद्दल एक गैरसमज: ‘रंग बदलत नाही’. बदलतो. ऊन सगळ्यांना दोन-तीन वर्षांत राखाडी करतं, आणि दमट भिंतीजवळ पृष्ठभागावर काळे ठिपकेही येतात. ते पुसले जातात, आतलं लाकूड कुजत नाही. तुम्हाला कायम तपकिरी दार हवं असेल तर लेप लावत राहणं सुटत नाही. पण खालचं लाकूड हलत नसल्यामुळे तो लेप जास्त टिकतो.

तुमचं लाकूड कुठे बसणार आहे?

- आतली दारं, कपाटं, माजघरातला झोपाळा: नीट वाळवलेलं, बोरॉन दिलेलं साधं लाकूड पुरे. इथे परदेशी लाकडावर खर्च करू नका.
- पश्चिमेकडचा पाऊस खाणारं मुख्य दार किंवा खिडकी: पूर्ण गाभ्याचा सागवान, आणि वर पुरेसा छज्जा. तरीही दरवर्षी अडकत असेल आणि परवडत असेल, तर ॲसिटिलेशन केलेलं लाकूड खरं इथे उपयोगी पडतं.
- न्हाणीघराचं दार: लाकडाचा हट्ट सोडा. डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) किंवा एफआरपी (फायबर) घ्या.
- गच्चीवरचा डेक, पर्गोला: फर्फ्युरिलेशन किंवा ॲसिटिलेशन, कमी खर्चात तांब्याचं औषध दाबाखाली दिलेलं पाइन.
- जमिनीत पुरलेला खांब: दाबाखाली औषध दिलेलंच. ब्रश, डांबर, जुनं इंजिन ऑइल यांवर विसंबू नका. ऑइलने माती मात्र खराब होते.
- बांबूचं काम: बोरॉन दिलेला बांबू, आणि पावसापासून वर छप्पर. कुडाळच्या कोनबॅकसारख्या ठिकाणी प्रक्रिया केलेला बांबू मिळतो, त्यामुळे कच्चा घेऊन नंतर पस्तावण्याचं कारण नाही.
- कोकणातल्या जुन्या घराची दुरुस्ती: ऐन, किंजळ, फणस यांचे मूळ वासे ठोकून पाहा. गाभा घट्ट असेल तर ते बदलू नका. भिंतीत शिरलेल्या टोकांवर मात्र लक्ष द्या. कुजायला सुरुवात तिथून होते.

बसवताना होणाऱ्या चुका

दाराची खालची कड हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दार बसवल्यावर तिथे ब्रश जात नाही, म्हणून रंगारी सोडून देतो, आणि फरशी पुसल्याचं पाणी तिथूनच रोज वर चढतं. रंगकाम संपल्यावर दाराखाली एक छोटा आरसा सरकवून पाहा. कोरं लाकूड दिसलं तर पल्ला उतरवायला लावा. वरची कड आणि कुलपासाठी कोरलेली भोकं यांचंही तेच. दाराला सहा बाजू असतात, पॉलिश बहुतेक वेळा चारच बाजूंना होतं.

माल आल्यावर लगेच कामाला घेऊ नका. घरातच, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे राहू द्या. ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र आता फार महाग नाही. कोकणपट्टीत दारांसाठी १४ ते १६ टक्के चालतो, कोरड्या भागात १० ते १२ हवा. मात्र क्षार भरलेल्या लाकडात हे यंत्र आकडा फुगवून दाखवतं, आणि ॲसिटिलेशन केलेल्या लाकडात त्यावर विश्वासच ठेवू नये.

जुलैत दार अडकलं की सुतार रंधा मारायला तयारच असतो. थांबा. रंध्याबरोबर वरचा औषधाचा थर निघून जातो, आणि मार्चमध्ये तिथे बोट जाईल एवढी फट पडते. तात्पुरतं बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून पाहा, हवा खेळती ठेवा, आणि खरंच कमी करायचं असेल तर दिवाळीनंतर मोजून करा. औषध भरलेल्या लाकडाला कुठेही कापलं, भोक पाडलं, तर त्या ताज्या जागी तेच औषध पुन्हा लावायला हवं. घडण बदललेल्या लाकडाला याची गरज सहसा नसते, कारण बदल आरपार असतो.

खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा. तांब्याची औषधं साध्या लोखंडाला गंजवतात. ॲसिटिलेशनच्या लाकडात किंचित आम्ल उरतं (नवं असताना व्हिनेगरचा वास येतो तो त्याचाच), तेही तेच करतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हिरवट लाकडाला थेट टेकवू नका.

तुकडे बंबात घालू नका

कामानंतर उरलेले तुकडे बंबात, चुलीत किंवा होळीत जातात. हिरवट, सीसीए दिलेल्या लाकडाच्या बाबतीत हे धोक्याचं आहे: धुरात आणि राखेत आर्सेनिक येतं. ती राख झाडांना घालणं किंवा तिने भांडी घासणं तर आणखी वाईट. कापताना मास्क लावा, भुसा झाडून पिशवीत बंद करा, गाईगुरांखाली अंथरू नका. सुताराला हे स्पष्ट सांगा; लाकूड कशात बुडवून आलंय हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

बिल, हमी, तक्रार

पक्कं बिल घ्या आणि त्यावर हे लिहून घ्या:

- लाकडाची जात, आणि गाभा की मिश्र. ‘सीपी टीक’, ‘घाना टीक’ अशी ढोबळ नावं पुरेशी नाहीत.
- प्रक्रियेचं नाव, रसायनाचं नाव, घनमीटरमागे प्रमाण.
- माल देतानाचा ओलावा टक्क्यांत.
- हमी कोण देतंय: वखार, प्रक्रिया कारखाना की परदेशी उत्पादक? परदेशी उत्पादकांच्या दीर्घ हमीला बसवण्याच्या पद्धतीच्या अटी असतात. भारतात ती लागू आहे का हे लेखी विचारा.

प्लायवुड किंवा फ्लश डोअर असेल तर आयएसआय चिन्हाखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. परवाना कुणाचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे का, हे तिथे दिसतं. चिन्ह छापणं सोपं असतं.

नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बसवलेली दारं फुगली-कुजली तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत लेखी कळवा. कारागिरी आणि दर्जातले दोष ३० दिवसांत विनामूल्य दूर करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पावसाळ्यात दार थोडं घट्ट होणं दोष ठरेलच असं नाही, पण वाळवी, भुंगा, पीळ पडणं, सांधे सुटणं हे दोषच.

वखार किंवा विक्रेत्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. आधी लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५; बरेच वाद तिथेच मिटतात. नाही मिटला तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील सक्तीचा नाही. दोष डोळ्यांनी दिसत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि नेमका इथेच ग्राहकाकडे पाठवायला काही नसतं. म्हणून माल आल्याच्या दिवशी प्रत्येक खेपेतला वीतभर तुकडा कापून घ्या, त्यावर तारीख आणि बिल क्रमांक लिहा, विक्रेत्याची सही घ्या आणि कोरड्या जागी ठेवून द्या.